विम्याचं गाऱ्हाणं

"वाडवण खाली ठेव! खाली ठेव म्हणतंय ना! आता एक काटकी जरी हलवलंस गो बाये, तर माझ्यासारखो वाईट कोण नाय!"

देवबागेत माझ्या आत्येच्या घरापुढच्या खळ्यात आबांचा हा आवाज सुटला आणि पलीकडच्या खाडीतले बगळे एकदम उडाले. माडावर राहिलेला एकुलता एक नारळ दाणकन खाली आला. तिकडे तारकर्लीला एका बाईने घाबरून हातातली केरसुणी खाली ठेवली अशी वदंता आहे. ती मीच पसरवली, पण खोटी नसावी. आबांचा आवाज तेवढा नक्कीच जायचा.

आत्ये केरसुणी हातात तशीच धरून उभी राहिली. "आबानू, परको माणूस येतलो. विमा कंपनीन सर्व्हेअर धाडल्यान हा. घर असा कसा दाखवू? लाज वाटता."

आबांनी कपाळावर हात मारला. "अगो, तो घर बघूक येणा नाय! मोडलेला घर बघूक येता!"

पण उशीर झाला होता. वादळाने आमच्या आत्येच्या होमस्टेचं छप्पर उचलून नेलं, पडवीची भिंत लोळवली, दोन्ही खोल्यांत रेतीचे ढीग घातले. त्याला आठवडा होऊन गेला होता. एवढ्या वेळात कोकणातली बाई गप्प बसेल होय? तिने रेती उपसून माडांच्या मुळाशी घातली. मोडके वासे वाडीत चुलींना वाटून टाकले. भिंतीचे चिरे एकावर एक असे रचले की बघणाऱ्याला वाटावं, नवीन बांधकामासाठी आणलेत. छपराच्या जागी निळी ताडपत्री ताणून बांधली, तिलाही एक सुरकुती नाही. खळं शेणाने सारवलं. आणि आता सर्व्हेअर येणार म्हणून उंबऱ्यापुढे रांगोळी! सत्यानाशाचं इतकं नीटनेटकं रूप मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नुकसान आत्येचं, तरी घर बघून हेवा आम्हालाच वाटत होता.

हे कुणा दुसऱ्या मुलखात झालं नसतं. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की माणूस आधी दुःख झाडून काढतो आणि मग दार उघडतो.

हे आबा म्हणजे माझे मालवणातले घरमालक. मी मूळचा कसालचा. बँकेत कारकून म्हणून मालवण शाखेत लागलो आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. खाली त्यांचं सोडावॉटरचं दुकान. अंगात बाराही महिने पांढरा सदरा, खाली खाकी अर्धी चड्डी, आणि उंची इतकी की दुकानात शिरताना ते आधी डोकं आत पाठवत आणि उरलेले आबा सवडीने येत. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. म्हणजे नवस असो, लग्न असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, देवासमोर उभं राहून खणखणीत आवाजात सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं ते आबांनी, आणि प्रत्येक मागण्याला मागे उभ्या माणसांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

आता देवळातलं देवळात ठेवावं की नाही? आबांना गाऱ्हाण्याशिवाय दुसरी भाषाच येत नव्हती. वीज गेली की मंडळाला फोन करण्याआधी ते मीटरसमोर हात जोडून उभे राहत. "बा मीटरा म्हाराजा, ही जी काय तुझी लेकरां घामान भिजून बसली आसत..." आणि आम्ही भाडेकरूंनी जिन्यावरून ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" मुद्दाम सांगतो, वीज यायची. कधी घटकेने, कधी दुसऱ्या दिवशी, पण आल्यावाचून कधी राहिली नाही.

त्यांच्या घरात एका शब्दाला बंदी होती. 'वगैरे'. मी पहिल्याच दिवशी सापडलो. सामानात काय काय आहे म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गादी, बादली वगैरे." ते जिन्यात आडवे उभे राहिले. "वगैरे म्हणजे काय ता माका दाखव. खंय ठेवलंस वगैरे? ट्रंकेत की पिशयेत?" मी ट्रंक उघडून पंचा, आरसा, दाढीचं सामान अशी एकेक वस्तू नाव घेऊन दाखवली, तेव्हा वाट मिळाली. शिवाय शिक्षा म्हणून उतरलेल्या सोड्याची बाटली प्यावी लागली. मालवणात त्या काळी माझ्याइतका उतरलेला सोडा कुणी प्यायला नसेल. बँकेची भाषाच वगैरेवर चालते, त्याला मी काय करू?

या वैराला कारण होतं. मी येण्याआधीच्या एका पावसाळ्यात आबांच्या दुकानावर माड पडला. कुणा एजंटच्या आग्रहाने विमा उतरवलेला होता. आबांनी मोठ्या ऐटीत अर्ज केला : 'माड पडून छप्पर वगैरेचे नुकसान झाले.' कंपनीने छपराचे दिले आणि विचारलं की वगैरे म्हणजे काय. सोड्याचं यंत्र, बाटल्यांची कपाटं, काचेचं टेबल, अख्खं दुकान त्या वगैरेत गाडलेलं. आबा खुलासा करीपर्यंत सगळं भंगारात गेलेलं. दाखवायला काही उरलं नाही. "त्या वगैरेन माझा दुकान खाल्ल्यान," असं ते सांगत, आणि सांगताना एखाद्या वाघाबद्दल बोलावं तसं बोलत.

तेव्हापासून त्यांनी व्रत घेतलं. तालुक्यात कुणाचं घर पडो, गोठा जळो, दुकानात पाणी शिरो, आबा हजर. इंग्रजी पॉलिसी त्यांना वाचता येत नसे. ती वाचायला मी. बारीक अक्षर वाचून वाचून माझे डोळे गेले ते त्यांच्यापायी. त्यांचं काम वेगळं होतं. ते माणसाला समोर बसवत आणि म्हणत, "गाऱ्हाणा घाल. तू कोण, तुझा काय होता, तेका काय झाला, आणि तुका काय होया. देवाक सांगतस तसाच सांग." माणूस म्हणायचा, "तुमका ठावक आसाच ना आबानू, थोडाफार गेला." की आबा उसळलेच. "देव बहिरो नाय रे! माणूस मोघम आसा! थोडा म्हणजे केवढा? फार म्हणजे खंयचा?" असं पिळून पिळून ते माणसाकडून घरातली खुंटीसुद्धा वदवून घेत.

मोबदला? पैशाला शिवत नसत. अट एकच. ज्याचं काम झालं त्याने पुढच्याच्या गाऱ्हाण्याला मागे उभं राहायला यायचं. अशी 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांची एक फौजच त्यांनी उभी केली होती. त्यात मासेवाल्या होत्या, काजूचे बागायतदार होते, कसालचा एक कापडदुकानदार होता, एक निवृत्त मुख्याध्यापक होते. एकदा जिल्ह्याच्या गावी विमा कंपनीच्या कचेरीत आम्ही कापडदुकानदाराचं काम घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "दावा विचाराधीन आहे." कचेरीत शिरलं की आबांची मराठी एकदम इस्त्रीची व्हायची. ते म्हणाले, "महोदय, विचार आपण स्वस्थपणे करावा. आम्ही तोवर प्रार्थना करतो." आणि तिथेच टेबलासमोर गाऱ्हाणं सुरू! मागे आम्ही सातआठ जण. पहिल्या 'व्हय म्हाराजा'ला पंखा थांबला. दुसऱ्याला शिपाई चप्पल काढून उभा राहिला. तिसऱ्याला फाइल सापडली. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. शिपायाला विचारा.

असा माणूस आत्येच्या खळ्यात उभा होता, आणि आता त्यालाही काही सुचत नव्हतं. कारण यावेळी प्रश्न एका छपराचा नव्हता. आत्येचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यावर आत्येने एकटीने त्या दोन खोल्या बांधल्या, कर्ज काढून. बँकेने सांगितलं म्हणून विमा उतरवला. पाहुण्यांना जेवायला घालून ती स्वतःचं पोट भरत होती आणि कुणाच्या दारात गेली नव्हती. वादळानंतर जामसंड्याहून तिच्या दिराचा निरोप आला होता : खोल्या मोडीत काढ, जागा विकून टाक, आमच्याकडे ये, मागल्या खोलीत राहा. ती मागली खोली मी पाहिलेली आहे. तिथे काजूबिया वाळत घालतात, आणि त्यांचाही जीव गुदमरतो. विम्याचे पैसे आले नाहीत तर आत्येला तिथे जावं लागणार, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ती मात्र बोलत नव्हती. रांगोळी घालत होती.

तेवढ्यात सर्व्हेअर आलाच. घाटावरचा तरुण मुलगा, उन्हाने लाल झालेला, बुटात रेती गेलेली. भला होता बिचारा. त्याने घराकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं, रांगोळी ओलांडून आला आणि विचारलं, "काकू, नुकसान काय झालंय?"

आत्ये पदर सारखा करून म्हणाली, "तसं काही विशेष नाही हो. तुम्ही बसा. उन्हातून आलात. कोकम सरबत घेणार ना?"

आबांच्या तोंडून असा आवाज निघाला की सोड्याच्या बाटलीतली गोळी आत पडावी.

सर्व्हेअर बसला. सरबत प्याला. खोल्यांत डोकावून आला. "रूम स्वच्छ आहेत की. भिंतीचं काम काढलंय वाटतं?" त्याने कागदावर दोन ओळी लिहिल्या. मी मागून वाकून पाहिलं. 'किरकोळ नुकसान.' मला तिथूनच काजूबियांचा वास आला.

आबा उठले. मला म्हणाले, "वाडीत जा. मिळतली ती माणसां हाड. पोरगो बूट झाडीपर्यंत येवक व्हयी."

मी पळालो. मोबाइलला रेंज नव्हती, पण देवबागेत तिची गरज कधी लागली आहे? परत आलो तेव्हा खळं भरलं होतं. वाडीतली माणसं होती, शिवाय सकाळी आबांबरोबर मालवणहून आलेली त्यांची जुनी फौज, मासेवाल्यांसकट. सर्व्हेअर कागद पिशवीत घालत होता. आबा त्याच्यासमोर उभे राहिले, उजव्या हातात नारळ. तोच, मघाशी पडलेला.

"साहेब, दोन मिनिटं. आमच्याकडे पद्धत आहे," असं इस्त्रीच्या मराठीत म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि आवाज सोडला.

"बा देवा, बारा येशीच्या म्हाराजा! आज ही जी तुझी लेकरां हात जोडून हयसर उभी आसत, तेंचा गाऱ्हाणा कानावर घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बायचा घर वाऱ्यान मोडल्यान, तां तू वरसून बघितलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हो घाटावरसून इलेलो सायब, लेकरू गुणाचा आसा, तेच्या डोळ्यांका बायन झाडून टाकलेला सगळा दिसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात मोठ्याने.

आणि इथे आबा थांबले. डोळे उघडले. नारळ आत्येच्या हातात दिला. "फुडला तू सांग."

आत्ये मागे सरली. "मी? आबानू, गाऱ्हाणा तुमचा मान..."

"देवाची नावां घेवचो मान माझो. घर तुझा. माका काय म्हायत तुझ्या घरात काय होता? सांग."

"माझ्यान मागूक होवचा नाय."

"मागतंस कोणाकडे गो? इतकी वर्सां हप्तो भरलंस तो काय दानपेटयेत टाकलंस? तुझा तू परत घेतंस. लाज वाटत असली तर डोळे मिट. पण तोंड उघड."

आत्येने डोळे मिटले. काका गेले तेव्हासुद्धा मोठ्याने न बोललेली बाई ती. ओठ हलले, आवाज नाही. मग बारीकसा आला. "माझ्या दोन खोल्यांवरचे पत्रे गेले."

"व्हय म्हाराजा," लोक हळूच म्हणाले.

"निळे पत्रे. दोन वर्सांपूर्वी घातलेले. पाच त्या बांधाकडे गावले, ते मी हरीच्या कोंबड्यांक दिलंय."

"व्हय म्हाराजा!" असं म्हणून हरी धावला आणि खुराड्यावरचा पत्रा कोंबडीसकट उचलून घेऊन आला.

"पाण्याची टाकी खाडयेत गेली!"

"व्हय म्हाराजा!" दोघे खाडीकडे पळाले. टाकी खारफुटीत अडकलेली होती. आत एक खेकडा संसार मांडून बसला होता. तो सोडायला तयार नव्हता, त्याचाही कदाचित विमा असावा.

"पडवीची भिंत! चार खिडक्यांची तावदानां! फ्रीजात खारा पाणी गेला! कापसाच्यो सगळ्यो गाद्यो!"

आता तिचा आवाज चढला होता. डोळे उघडे होते. प्रत्येक नावाला खळं गर्जत होतं, आणि वाडीभर वाटून टाकलेलं घर तुकड्यातुकड्यांनी परत येत होतं. कुणी अर्धा जळलेला वासा चुलीतून ओढून आणला, कुणी पंख्याचं पातं, कुणी नावाची पाटी. सर्व्हेअरने कागद पुन्हा बाहेर काढले होते. तो लिहीत होता, फोटो काढत होता, पुन्हा लिहीत होता. सगळी रांगोळी पुसली गेली.

एवढ्यात शेजारच्या बाबलला जोर आला. मनाने चांगला, पण उत्साही. तो मागून ओरडला, "आणि मोठो टीव्ही!"

खळं एकदम गप्प.

एकाही तोंडातून 'व्हय' आलं नाही. मासेवाल्या आकाशाकडे बघू लागल्या. हरीने कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवला. सर्व्हेअरने मान वर केली, पेन तसंच हातात, आणि तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढं जमवलेलं सगळं आता बाबलच्या टीव्हीत बुडणार.

आबा बाबलकडे वळलेसुद्धा नाहीत. "टीव्ही शिमग्याच्या आधीच जळालेलो. तेचो वाऱ्याशी संबंध नाय. गाऱ्हाण्यात खोटा घातला तर देव उठून जाता, मेल्या."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, बाबलसकट.

सर्व्हेअरने 'किरकोळ नुकसान' लिहिलेल्या कागदाचे चार तुकडे करून खिशात घातले. आत्येला म्हणाला, "काकू, आता परत पहिल्यापासून सांगा. सावकाश. हे लोक जिथे गप्प बसतील तिथे मी थांबेन." आणि दुपार कलेपर्यंत तो आमच्या खळ्यात बसून राहिला. शेवटी शेवटी तर आत्येने गाद्यांचं सांगितल्यावर तोच आधी 'व्हय' म्हणाला. 'म्हाराजा' म्हणायला जरा लाजला, पण घाटावरच्या माणसासाठी एवढं पुष्कळ.

मी बँकेत इतकी वर्षं काढली. शिक्के बघितले, सह्या बघितल्या, साक्षीदार बघितले. पण एका खोट्या शब्दाला गप्प राहणारी अख्खी वाडी मी तेवढी एकदाच बघितली. आजही सांगताना माझी छाती सदऱ्यात मावत नाही. ती वाडी माझ्या आत्येची, आणि ती फौज माझ्या घरमालकाची.

क्लेम मंजूर झाला. टीव्ही सोडून सगळ्याचा. नवे पत्रे चढले, भिंत उभी राहिली, जामसंड्याच्या दिराला उलट निरोप गेला की मागली खोली काजूबियांनाच राहू दे. चतुर्थी आटोपली आणि पाहुणे यायला लागले.

मग एके दिवशी आबा नवा सदरा, इस्त्रीची अर्धी चड्डी आणि हातात कपड्यांची पिशवी घेऊन माडीवर आले. म्हणाले, "चल. बायचा घर बघूया. मी आज थयसर रवतलंय. समुद्राकडली खोली." सबंध वाटेत ते एखाद्या किल्लेदाराने जिंकलेल्या गडावर निघावं तसे बसले होते. रिक्षावाल्याला त्यांनी गाऱ्हाण्याची सगळी हकिगत सांगितली. त्यात खेकडा आता कासव झाला होता. मी दुरुस्त केलं नाही. मी असतो तर मगर केली असती.

खळ्यात आल्यावर त्यांनी नव्या छपराकडे मान मागे टाकून मनसोक्त बघितलं. पिशवी पडवीच्या नव्या भिंतीवर ठेवली आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गो बाये! मी इलंय! समुद्राकडली खोली उघड!"

आत्ये ओले हात पुसत बाहेर आली. तिने आबांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि म्हणाली, "समुद्राकडली खोली नाय, आबानू. सोमवारपर्यंत भरलेली आसा."